मॉर्फिनची भीती आणि मॉर्फिनची गरज

बलदच्या जुन्या बाजारात कुठल्याही अत्ताराच्या दुकानात ‘सना मक्की’ मागा, लगेच मिळेल. ही म्हणजे आपली सोनामुखी, पोट साफ होण्यासाठी आजीच्या बटव्यात असायची तीच. पण दिवाळीला अनारशांवर लावायला खसखस मागितलीत, तर दुकानदार मान हलवून ‘नाही’ म्हणेल. खसखस ही अफूच्या बोंडातली बी, म्हणून सौदी अरेबियात तिला बंदी आहे. भारतातून येताना बॅगेत खसखस आणू नका, हे नव्या कुटुंबाला कोणी ना कोणी जुनं माणूस सांगतंच.

याच झाडाच्या बोंडाला चीर दिली की जो चीक निघतो ती अफू, आणि अफूतून मिळतं ते मॉर्फिन. आपल्या मंडळाच्या या पुस्तिकेतून जमणारा निधी कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदनाशमनासाठी आणि घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेसाठी आहे. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर किंवा मराठीत उपशामक सेवा म्हणतात. ती समजून घ्यायची तर मॉर्फिनबद्दल बोलणं टाळता येत नाही. देणगी देणाऱ्या अनेकांच्या मनात एक रास्त प्रश्न असतो : “अहो, हे तर अफूचं औषध. यातून व्यसन नाही का वाढणार?” त्या प्रश्नाचा जमेल तितका नीट अभ्यास करून हा लेख लिहिला आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे कोणी कोणतं औषध किती घ्यावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एखादी व्यवस्था कुठे चुकते आणि का चुकते, हे पाहणं माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. त्या नजरेनं हा विषय मांडतो.

औषध काय करतं?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिख सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून तिचा मुख्य घटक वेगळा केला. ग्रीक पुराणातल्या स्वप्नांच्या देवावरून, मॉर्फियसवरून, त्याला मॉर्फिन हे नाव मिळालं. मॉर्फिन जखम बरी करत नाही की गाठ कमी करत नाही. मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप ते अडवतं. आपलं शरीर स्वतःही असे वेदनाशामक पदार्थ तयार करतं आणि त्यांच्यासाठी पेशींवर ठरावीक जागा असतात. मॉर्फिन नेमकं त्याच जागी जाऊन बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, दुसऱ्या पायरीवर कोडीनसारखी सौम्य आणि तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. त्याबरोबर दोन सोपे नियमही दिले. शक्यतो औषध तोंडाने द्यायचं, आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, दुखणं डोकं वर काढायच्या आधीच पुढची गोळी पोटात गेलेली असायला हवी. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय. “अगदीच सहन होईना तेव्हा घेऊ” असं म्हणत म्हणत रुग्ण सारखा वेदना आणि गुंगी यांच्यात हेलकावे खात राहतो.

दुष्परिणामही आहेत. पहिले काही दिवस मळमळ आणि झोप येते, ती बहुधा कमी होत जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. म्हणून मॉर्फिन सुरू होतं त्याच दिवसापासून डॉक्टर सारकही लिहून देतात. त्यात अनेकदा आपली सोनामुखीच असते. प्रमाणाबाहेर मॉर्फिन गेलं तर श्वास मंदावतो. त्याचा खरा धोका हाच आहे.

तीन वेगळ्या गोष्टी, एकच शब्द

आपण बोलताना ‘सवय लागली’ असं म्हणतो आणि त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक, काही काळाने तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होऊ शकतो आणि डोस वाढवावा लागतो. कॅन्सरमध्ये डोस वाढण्याचं कारण पुष्कळदा आजार वाढणं हेच असतं.

दोन, काही आठवडे घेतल्यावर शरीर औषधाला सरावतं. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास होतो. म्हणून बंद करायचं झालंच तर हळूहळू कमी करतात. स्टेरॉइडच्या गोळ्याही अशाच हळूहळू कमी करतात, पण त्यांना कोणी व्यसन म्हणत नाही.

तीन, व्यसन. यात माणूस वेदनेसाठी नव्हे तर औषधासाठीच औषध मागतो, नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही, घर, काम, नाती सगळं त्यापुढे मागे पडतं.

पहिल्या दोन गोष्टी मॉर्फिन घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांत दिसतात. तिसरी गोष्ट वेगळी आहे. ती कॅन्सरच्या रुग्णातही अशक्य नाही, पण पहिल्या दोन दिसल्या म्हणून तिसरी झाली असं समजणं चूक.

भीती कुठून आली?

आपल्या समाजाला अफूची भीती वाटते, ती उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापसाबरोबर या व्यापारातूनही उभी राहिली, आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ साली मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. म्हणजे ज्या पदार्थाने चीनमध्ये घरं उद्ध्वस्त केली, त्याच्या पैशातून मुंबईत लाखो लोकांवर उपचार झाले. देणगीदारांच्या पुस्तिकेत हे सांगायला हरकत नसावी. पुढे मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची गोळी देऊन झोपवत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कामगारविषयक अहवालांत याच्या नोंदी आहेत.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९८५ मध्ये भारतात अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एन.डी.पी.एस. कायदा लागू झाला. बहुतेक गुन्ह्यांना कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी. कायद्याने वैद्यकीय वापर बंद केला नव्हता, तो वापर कलमातच मान्य होता. पण प्रत्यक्षात एका हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नसे. कागदावर चूक झाली तर तुरुंगाची भीती. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं, आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते न वापरताच शिकून बाहेर पडली. १९८५ नंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. १९९७ साली तो जेमतेम १८ किलोंवर आला होता. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती प्रक्रिया होऊन जगाला जात होती, आणि आपल्या खेड्यातला कॅन्सरचा रुग्ण पॅरासिटामॉलवर कण्हत होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं.

दुसऱ्या टोकाला काय झालं?

मग निर्बंध सगळे काढून टाकावेत का? त्याचं उत्तर अमेरिकेने दिलं आहे, आणि ते फार महागात पडलेलं उत्तर आहे.

जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलमध्ये दाखल असताना अशी औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. हे रुग्ण हॉस्पिटलमध्ये, नर्सच्या देखरेखीखाली होते. पण पुढे हेच पत्र ‘वेदनेच्या रुग्णाला व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून शेकडो लेखांत वापरलं गेलं. २०१७ साली त्याच नियतकालिकात याचा हिशोब छापून आला. सहाशेहून अधिक ठिकाणी त्या पत्राचा हवाला होता, आणि बहुतेकांनी ते रुग्ण दाखल झालेले होते हे सांगितलंच नव्हतं. आमच्या क्षेत्रातला कोणीही हे लगेच ओळखेल. चाचणीच्या मशीनवर प्रोग्रॅम चालला, म्हणून कोणी तो तसाच्या तसा सगळ्या ग्राहकांकडे बसवला, त्यातलाच हा प्रकार.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि कॅन्सरच्या रुग्णांपलीकडे, कंबरदुखी-सांधेदुखीसाठीही तिचा मोठा प्रचार केला. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गोळ्यांनी लागलेलं व्यसन हेरॉइनकडे आणि पुढे बेकायदा फेंटानिलकडे गेलं होतं. एकट्या २०२१ साली अमेरिकेत या वर्गातल्या अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातली बहुतेक बेकायदा फेंटानिलने.

मग लंबक उलट्या दिशेला गेला. २०१६ मध्ये कडक मार्गदर्शक सूचना आल्या, आणि त्यांचा आधार घेऊन अनेक डॉक्टरांनी जुन्या रुग्णांचं औषध एकदम तोडलं. त्या रुग्णांचे हाल झाले. २०२२ मध्ये सूचना सुधाराव्या लागल्या. असं अचानक औषध तोडू नका, हे त्यात स्पष्ट लिहावं लागलं.

दोन चुका मोजाव्या लागतात

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की मुद्दा स्पष्ट दिसतो. अशा औषधाच्या बाबतीत चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली, नको त्या माणसाच्या हाती औषध जाणं. दुसरी, ज्याला हवं त्याला ते न मिळणं. भारताने १९८५ नंतर फक्त पहिली चूक मोजली. अमेरिकेने १९९० च्या दशकात फक्त दुसरी मोजली. एकच आकडा बघून चालवलेली व्यवस्था दुसऱ्या बाजूने कोसळते.

दोन चुकांत एक मोठा फरकही आहे. पहिली चूक पेपरात येते. पोलीस, छापे, फोटो. दुसऱ्या चुकीची कुठेच नोंद होत नाही. आतल्या खोलीत रात्रभर कण्हणाऱ्या म्हातारीची बातमी होत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ही न दिसणारी चूक मोजायचा प्रयत्न केला. वेदनाशमनाची गरज असलेल्या दर रुग्णामागे वर्षाला अमेरिकेत सुमारे ५५ हजार मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं औषध उपलब्ध होतं. भारतात ४३ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्याकडे गरजेच्या अवघे ४ टक्के.

आणि पहिली चूकही आपल्याकडे संपलेली नाही. गैरवापर वाढला म्हणून एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे औषध एन.डी.पी.एस. कायद्याखाली आणावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात केंद्र सरकारने थांबवली. मुंबईतल्या एका कंपनीच्या अशा गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झाल्यावर ही कारवाई झाली. म्हणजे आपल्या देशात दोन्ही चुका एकाच वेळी चालू आहेत. परवान्यांचं ओझं होतं ते कॅन्सर हॉस्पिटलवर, आणि नशेच्या गोळ्या निघाल्या दुसऱ्याच वाटेने.

मधला रस्ता आहे का?

आहे, आणि तो आपल्याच देशात सापडला. १९९३ मध्ये केरळात कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं वेदनाशमन केंद्र सुरू केलं. मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णांना घरी न्यायला दिल्या, पण मोजून, ओळखीच्या रुग्णाला, नियमित भेटी ठेवून. त्यांनी दोन वर्षांत अशा १,७२३ रुग्णांचा पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गैरवापराची किंवा गोळ्या बाहेर जाण्याची एकही घटना आढळली नाही. अमेरिकन पत्रातल्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान आहे, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. कारण हे रुग्ण हॉस्पिटलच्या पलंगावर नव्हते, स्वतःच्या घरात होते. त्याबरोबर हेही लक्षात ठेवायला हवं, की हा निकाल गोळीचा नाही. गोळी, मोजणी आणि भेटी या तिन्हींचा मिळून तो निकाल आहे.

महाराष्ट्रातही हे काम जुनं आहे. टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना ही संस्था सुरू केली. बरे होऊ न शकणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठीचं हे देशातलं पहिलं आश्रयस्थान. पुण्यात वारजे इथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचं केंद्र मोफत सेवा देतं. २०१२ मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये या विषयातलं एम.डी.चं शिक्षण सुरू झालं.

कायदाही बदलला. २०१४ मध्ये संसदेने एन.डी.पी.एस. कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१५ मध्ये नियम आले. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ती ठेवता येतात, चार-पाच खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. मात्र संस्थेला प्रशिक्षित डॉक्टर नेमावा लागतो, प्रत्येक गोळीची नोंद ठेवावी लागते आणि वार्षिक हिशोब द्यावा लागतो. पूर्वी सगळा पहारा दारावर होता. आता दार उघडलंय आणि पहारा आतल्या हिशोबावर आहे. व्यवस्था म्हणून हे मला जास्त पटतं.

घरातल्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावाकडे आणि आपण इथे. निर्णय फोनवर होतात. “दादा, डॉक्टर मॉर्फिन म्हणतायत, देऊ का?” असा फोन आला तर पुढच्या गोष्टी विचारा आणि सांगा.

१. औषध एकाच डॉक्टरांकडून, एकाच फाइलवर. दोन ठिकाणांहून गोळ्या घ्यायच्या नाहीत.

२. एक वही करा. तारीख, वेळ, किती गोळी दिली, किती उरल्या, दुखणं शून्य ते दहापैकी किती. ही वही प्रत्येक भेटीला डॉक्टरांना दाखवा.

३. गोळ्या कुलपात ठेवा. किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे.

४. घरात कोणाला दारूचं वा इतर व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. म्हणून औषध नाकारत नाहीत. थोड्या दिवसांपुरतंच देतात, लवकर लवकर बोलावतात.

५. मनाने डोस वाढवू नका, मनाने एकदम बंद करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या याबरोबर धोक्याच्या.

६. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

७. रुग्ण गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या केंद्राला परत करा. दुःखात हे राहून जातं, आणि नको त्या हाती गोळी जाते ती बहुधा अशीच.

८. हे सगळं कॅन्सर आणि तशा गंभीर आजारांबद्दल आहे. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी यांचा हिशोब वेगळा आहे. तिथे या औषधांचा फायदा कमी आणि धोका जास्त ठरू शकतो.

आणि इथे राहणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. आईवडिलांना व्हिजिटवर बोलावताना त्यांची औषधं एकेक नाव घेऊन तपासा. ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन आणि इतर नियंत्रित औषधं आणायची तर सौदी फूड अँड ड्रग अथॉरिटीचा परवाना प्रवासाआधी ऑनलाइन काढावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट जवळ ठेवायचे. “शेजारच्या काकूंसाठी दोन पाकिटं” असं कोणाचंही औषध बॅगेत घ्यायचं नाही. इथला कायदा याबाबतीत अतिशय कडक आहे, आणि विमानतळावर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

आपली देणगी कुठे लागते?

मॉर्फिनची गोळी महाग नाही. पेटंटची मुदत वगैरे प्रश्न नाही, दोनशे वर्षं जुना पदार्थ आहे. भारतात एक गोळी काही रुपयांत पडते. खर्च येतो तो तिच्यामागच्या माणसांचा. दर आठवड्याला रुग्णाच्या घरी जाणारी नर्स, तिचा प्रवास, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, रजिस्टर लिहिणारा फार्मासिस्ट, रात्री फोन उचलणारं कोणीतरी. ती नर्स घरात जाते तेव्हा एकाच भेटीत दोन कामं करते. रुग्णाला विचारते, काल रात्री झोप लागली का? आणि डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजते. पहिल्या प्रश्नाने दुसरी चूक टळते, मोजणीने पहिली. वेदनाशमन आणि व्यसनाचा धोका यांचा तोल कायद्याच्या पुस्तकात राखला जात नाही, तो त्या भेटीत राखला जातो.

म्हणून देणगी देताना संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारा. तुमचे किती रुग्ण वेदनेविना झोपतात? आणि तुमच्या गोळ्यांचा हिशोब जुळतो का? ज्यांना दोन्हींची उत्तरं देता येतात, त्यांना मोकळ्या हाताने द्या. एका घरभेटीचा खर्च आपल्याला इथे फार जड जाणार नाही, आणि तिकडे कोणाची तरी रात्र त्यावर अवलंबून असते.